संपल्यानंतरचं गाणं

परवा मोबाइलवरच्या रॉकवाल्यांच्या ग्रुपात जो तो आपला लाडका अल्बम सांगत होता. मीही माझा लिहिला. शेवटचं गाणं संपतं, बराच वेळ शांतता, मग एक बाई हळूच गाते, तेच मला सगळ्यात आवडतं. सगळे म्हणाले, त्यात असं गाणंच नाही.

पण मी ते ऐकलंय. दहावी अर्धवट सोडून भंडाऱ्याहून रसमड्याच्या लोखंड वितळवायच्या कारखान्यात आलो होतो. भट्टीची धास्ती घेतली आणि पळून जायला बॅग भरली. हुडको वसाहतीतल्या खोलीत माझ्यासोबत राहणारा प्रवीणदादा दुपारी हीच कॅसेट ऐकत होता. ती संपली तसा मी उठलो.

"कुठी चालला बे?"

"गावाले. मले भेव वाटून राहिलं, दादा."

"बस चुपचाप. संपलं नाई अजून."

मग ती बाई गायली. मी बॅग खाली ठेवून ऐकत बसलो. गाडी चुकली आणि मी राहिलो. आज पोटापाण्याला लागलोय तो त्या गाण्यामुळं.

दादा आता नाही. काल त्याची कॅसेट लावली. शेवटी टेप आपोआप बंद होऊन बटण खट्कन वर आलं, आणि मला आठवलं, त्या दुपारीही ते असंच वर आलं होतं.

ती गायली ती त्यानंतर.