मटणाला धूर पाहिजे

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. झाडं ओळखणं आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सासूबाई गेल्यावर मामा, म्हणजे माझे सासरे, शिरोळकडचं घर बंद करून शिवाजी पेठेत आमच्याकडे राहायला आले. हाडाचा शेतकरी आणि मटणाचा दर्दी माणूस. पण आल्यापासून अर्धी भाकरी मोडायचे आणि उठायचे. रविवारचं मटणसुद्धा तसंच ताटात! (कोल्हापुरात माणूस मटण ठेवून उठला की घरचे डॉक्टरांचा नंबर शोधतात.)

"मामा, मीठ कमी पडलं का?"

"न्हाय ओ. धूर न्हाय त्याला. तुमची सासू चुलीवर करायची."

बायको आत जाऊन रडली. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता. मग मोबाईलवर बघितलं, परदेशात लोक पिंपात लाकूड धुमसवून त्या धुरावर मटण शिजवतात. झालं! शिरोली एमआयडीसीतल्या मित्राकडून झाकणाचं पिंप करून आणलं. राहिलं लाकूड.

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. रंग दिलेलं नको, प्लायवूड नको, तेल प्यालेल्या पॅकिंगच्या फळ्या नकोत, कण्हेर विषारी, कडुलिंब कडू. फळझाडाचं उत्तम! वखारीत जाऊन विचारलं, "याच्या धुराला चव कशी असते?"

वखारवाला बघतच राहिला. "पावणं, जळण हाय ते. आजवर कुणी चाखून न्हाय नेलं!"

शेवटी नृसिंहवाडीच्या रस्त्याला वाऱ्यानं पडलेली एक वाळकी फांदी दिसली. बांधावर शेतकरी बसला होता.

"फळं लागतात का हो या झाडाला?"

"लागत्यात? खच पडतोय की! होमाला न्यायचं हाय व्हय?"

"तसंच काहीतरी," मी म्हणालो. (होम काय नि पिंप काय, जाळायचंच की!)

रविवारी गच्चीवर पिंप पेटवलं. असा धूर झाला म्हणता, की तालमीतली पोरं बादल्या घेऊन जिना चढून आली! त्यांच्या मागून खोकत मामा. त्यांनी उरलेलं एक लाकूड उचललं, साल सोलली आणि मटकन खालीच बसले.

"जावईबापू, ह्यो औदुंबर हाय!"

मामांनी आयुष्यात वाडीची पौर्णिमा चुकवलेली नाही, आणि मी दत्ताच्या झाडावर बोकड शिजवायला निघालो होतो! नशीब, मटण अजून पातेल्यातच होतं.

"अहो, पण निदान झाडाचं नाव तरी विचारायचं!" बायको ओरडली.

आता मामा आज पाणीसुद्धा पिणार नाहीत, असं मला वाटलं. मामांनी पिंपाला हात जोडले. "महाराज, सांभाळून घ्या. शिकल्यालं हाय, पन अडानी हाय." मग धोतर खोचलं. "ते पिंप तिकडं शांत जळू द्या, धुनी म्हणून. तीन विटा आना! परसातल्या पेरूची वाळकी फांदी आना! आन् ह्यो कांदा कुणी चिरलाय? गुरांना घालायचाय व्हय?"

सासूबाई गेल्यापासून मामांचा असा आवाज ऐकलाच नव्हता. मला इतका आनंद झाला की कांदा मीच चिरलाय हेही मी कबूल करून टाकलं.

त्या दिवशी मामांनी भाकरी मागून घेतली, रस्सा मागून घेतला. बायको पुन्हा आत जाऊन रडली, पण हसत.

आता दर रविवारी गच्चीवर चूल पेटते. कुणी पाहुण्यानं विचारलं, मटण कुणी केलं, की मामा मोठ्या मनानं माझाही वाटा सांगतात.

"मटन मी केलं. जावईबापूंनी निस्ता धूर केला."