सोलायचं की कापायचं

तळेऱ्याच्या एसटी स्टँडवर दत्तप्रसाद घाडींनी वाहतूक नियंत्रक म्हणून तेवीस वर्षं काढली. देवगडची गाडी कुठे लागते, विजयदुर्गची चुकली तर पुढे काय, माणसाचं विचारून व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार असे.

निवृत्तीनंतर छातीत जळजळ होते म्हणून कणकवलीला दुर्बीण घालून पोट तपासलं. पोट ठीक निघालं, पण वर अन्ननलिकेत नखाएवढा लालसर डाग दिसला. त्याचा तुकडा तपासायला गेला आणि कळलं की कॅन्सर आहे, अगदी सुरुवातीचा.

"माका गिळूक त्रास नाय, वजन उतराक नाय," ते बायकोला, सत्यवतीला, सांगत राहिले. "मगे ह्यो इलो खंयसून?"

मुलगी संचिता त्यांना कोल्हापूरला घेऊन गेली. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. अन्ननलिका काढायची, जठराची नळी करून वर गळ्यापर्यंत ओढून जोडायची. रोग आधी ज्या ग्रंथींत पसरतो, त्याही निघतात. ऑपरेशन मात्र मोठं.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीचे डॉक्टर म्हणाले, "डाग वरच्या अस्तरातच दिसतोय. तोंडातून दुर्बीण घालून तेवढा पापुद्रा सोलून काढू. चार दिवसांत घरी. पण किती खोल होता ते काढल्यावरच नक्की कळेल. खोल निघाला तर ऑपरेशन आहेच."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?" दत्तप्रसादांनी दोघांनाही विचारलं. सर्जन म्हणाले, "आधी सोलून बघायला माझी ना नाही." दुर्बिणीचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनही चुकीचं नाही." दोघं भांडले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. एकाची बाजू तरी घेता आली असती.

इन्सुलीच्या बाबू सावंतांचं सहा वर्षांपूर्वी हेच मोठं ऑपरेशन झालं होतं, असं कळलं. दत्तप्रसाद मुद्दाम भेटायला गेले. बाबू काजूच्या बागेत गवत कापत होते. "मी बरो आसंय," ते हसून म्हणाले. "दिसातून सहा वेळा थोडा थोडा खातंय, उशी उंच घेवन निजतंय. पयल्या वर्साचा मात्र विचारू नकात."

म्हणजे करावं की करू नये? परतीच्या गाडीत त्यांनी बाबूंचं बोलणं तीनदा आठवलं आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा लागला.

शेवटी सत्यवतीच म्हणाली, "अवो, सोलल्यार मगे ऑपरेशन करूक येता. ऑपरेशन केल्यार ती नळी परत खंयसून हाडतलात?"

हे त्यांना पटलं. पापुद्रा काढला, चौथ्या दिवशी घरी आले. मग रिपोर्ट आला. काढलेल्या पापुद्र्याच्या कडा स्वच्छ, पण एका जागी रोग खालच्या थरात केसभर उतरलेला. ग्रंथींत गेला असण्याची शक्यता थोडी, पण नाहीच असंही नाही. "ऑपरेशन करता येईल, किंवा नुसतं लक्ष ठेवून राहता येईल," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे परत थंयच इलंव!" दत्तप्रसाद उद्गारले.

संचिताला ऑपरेशन हवं होतं, सत्यवतीला नको. जी बोलत असेल तिचं त्यांना खरं वाटे. अखेर लक्ष ठेवायचं ठरलं. ठरलं म्हणजे, ऑपरेशनची तारीख घ्यायला कुणी गेलं नाही. मधे जखमेच्या वणाने अन्ननलिका आवळली, भात उतरेना. रोगच परतला असं समजून ते घाबरले. दोनदा फुगा घालून नळी रुंद करून घेतली.

गेल्या महिन्यात, दीड वर्षानंतर, तपासणी झाली. "मी बरा झालो ना?" त्यांनी विचारलं.

"आजच्या घडीला काही दिसत नाही. आता सहा महिन्यांनी या."

'आजच्या घडीला' म्हणजे काय, हे त्यांनी घाटातून उतरताना संचिताला चारदा विचारलं.

घरी पोचल्यावर शेजारची शेवंती अंगणात आली. "काय सांगल्यानी डॉक्टरांनी?"

"बरे झाले ते," सत्यवती म्हणाली.

"तपासणी चालू आसा," दत्तप्रसाद त्याच क्षणी म्हणाले.

शेवंतीने एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "म्हंजे नक्की काय?" तिने विचारलं.