जादा वेळेतला एक टाइम-आउट

पंच परीक्षेला मी तिसऱ्यांदा बसले, आणि लेखी पेपर तेव्हा कुठे पहिल्यांदा सुटला. उरली होती फक्त तोंडी. मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यातून बास्केटबॉल खेळलेली मी पहिलीच. आईवडील ऊसतोडीला गेले की मी वसतिगृहात राहायची, आणि तिथल्या अंगणात एक वाकडी रिंग होती. पुढे एका शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका झाले. सामन्यांना मला टेबलावर बसवायचे, घड्याळ सांभाळायला. शिट्टी मात्र पंच परीक्षा पास झालेल्यांकडे.

माझा अभ्यास शेलूबाजारच्या एका निवृत्त सरांनी घेतला. दर रविवारी मी जीपने त्यांच्याकडे जायची. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, सर एकेक वाक्य फोडून सांगायचे. माझं अडायचं ते टाइम-आउटवर, म्हणजे संघ खेळ थांबवून मागून घेतो त्या मिनिटावर. पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्या अर्ध्यात तीन, हे पाठ होतं. पण बरोबरी होऊन जादा वेळ सुरू झाली की न वापरलेले कुठे जातात? संघाने राखून ठेवलेलं त्याचंच असलं पाहिजे, असं म्हणून मी सरांशी वाद घालायची. सर ठाम होते. "मागचं काहीच संगं येत नाही. दर जादा वेळेले एक. नाही घेतला तं तो गेला."

तोंडी परीक्षा वाशिमला, एका शाळेच्या प्रयोगशाळेत होती. परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर, शांत. त्यांनी विचारलं, एका संघाने दुसऱ्या अर्ध्यात एकही टाइम-आउट घेतला नाही, तर जादा वेळेत त्याला किती? मी म्हणाले, एक. तोही त्याने घेतला नाही आणि पुन्हा बरोबरी झाली, तर दुसऱ्या जादा वेळेत? मी म्हणाले, एक.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, नीट विचार करा. आधीचा शिल्लक आहे ना?"

मला उत्तर माहीत होतं. पण मुख्याध्यापक असोत, नवरा असो, कोणी 'नीट विचार कर' म्हटलं की माझंच चुकलं असेल, असं धरून चालायची मला सवय. मी म्हणाले, "दोन, सर."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. "पहिलं उत्तर बरोबर होतं. नियम तुम्हाला येतो. पण मैदानावर प्रशिक्षक अंगावर येतील, तेव्हाही असंच बदलणार का?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मायेने बोलले. आणि त्यांनी मला नापास केलं.

मी एसटीने थेट शेलूबाजारला गेले. सर ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी शेंगांचं टोपलं बाजूला सारलं.

"तुले येत होतं ना? मंग बदललं काहून?"

मी म्हणाले, मोठा माणूस होता, परीक्षक होता.

"मी बी मोठाच माणूस हाय. माह्यासंगं तं दर रविवारी भांडत होती तू."

त्यांनी मला चहा दिला, मी तो प्यायले आणि जीप धरली.

पुढच्या वर्षी परीक्षेचे फॉर्म निघाले तेव्हा सरांनी एक स्वतः शाळेत आणून दिला. मी घेतला, आणि भरला नाही. शेवटची तारीख उलटली त्या दिवशी त्यांचा फोन आला. मी उचलला नाही. त्यानंतर त्यांनीही केला नाही.

माझ्या शाळेतल्या मुली हुशार आहेत. परवा एकीने विचारलं, जादा वेळेत टाइम-आउट किती भेटते. मी सांगितलं, एक.

"पक्कं ना, मॅडम?" तिने सहज विचारलं.

मी पुस्तक आणायला आत गेले.