झाकण कुणी उघडलं

माझी वहिनी रसायनशास्त्र शिकलेली, तोंडाची तिखट आणि कामात भयंकर चोख. कारखान्यातली नळीची भट्टी तीच चालवते. मी तिथेच पॅकिंगला आहे. टंगस्टनच्या क्षाराची वाफ करायची, तिच्यात मिथेन आणि हायड्रोजन सोडायचा, की तापलेल्या नळीत वायूंच्या झटापटीतून कार्बाइडचे कण तयार होतात. इतके बारीक, की पुढच्या थंड डब्यात नुसती काजळी साचल्यासारखी वाटते. त्यांची हत्यारं पोलादालाही जुमानत नाहीत.

पण ही भुकटी हवेला हपापलेली. डबा एकदम उघडला की पेटलीच. म्हणून वहिनी नायट्रोजनमधून चिमूट चिमूट हवा आत सोडते, डब्याला उलटा हात लावून बघते, गरम लागला की हवा बंद. अख्खा दिवस जातो. साहेब म्हणायचे, "बाई, पोराला भरवताय का?"

"पोरगं पेट घेत नाही, साहेब," वहिनी म्हणायची.

त्या दिवशी हत्यारं बनवणारं गिऱ्हाईक नमुना न्यायला आलं होतं. नमुना पसंत पडला तर वहिनीला विभागप्रमुख करू, असं साहेब सगळ्यांदेखत बोलले होते. वहिनी नायट्रोजनचा नवा सिलिंडर आणायला गेली आणि ऑफिसात बसलेल्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवायच्या घाईत या शहाण्या साहेबांनी डब्याचं झाकण उघडलं! काळ्या भुकटीतून लाल निखारा सरसर पळाला. वहिनीने धावत येऊन त्यांना खांद्याने ढकललं, झाकण दाबलं. साहेबांच्या भुवया गेल्या, तिचा तळहात भाजला, भुकटी पिवळी पडून मातीमोल झाली.

आभार? नाव नको! साहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, "चूक तुमची झाली, असं गिऱ्हाइकाला सांगा. ते पुन्हा मुदत देतील. प्रमुखपद तुमचंच." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वहिनी गिऱ्हाइकासमोर गेली. "झाकण साहेबांनी उघडलं," एवढंच बोलली. प्रमुखपदावर बाहेरचा माणूस आला.

घरी दादा जेवायला बसता बसता म्हणाला, "एक वाक्य बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? जरा नमतं घ्यायचं!"

मी त्याच्यापुढे ताट आदळलं. सख्खा भाऊ, पण त्या क्षणी मला तो साहेबांचाच वाटला.

वहिनी पट्टी बांधलेला हात सावरत म्हणाली, "ते वाक्य बोलून मी खुर्चीत बसले असते, तर पुढच्या वेळी साहेबांना झाकणाला हात लावू नका म्हणायला मला तोंड राहिलं असतं? आणि तेव्हा डब्यापाशी भुकटी भरायला कोण उभं असतं, माहीत आहे? तुझी बहीण."