अंगात दम नाही म्हणे!

मंडळी, आज सकाळपासून डोकं तापलंय. नातसुनेच्या मांडीवरचं गळू चिघळलं, ताप चढला, आणि माझी सून तिला म्हणते, "तुन्हा आंगमा दमच नही. तूप खाय."

साठ वर्षांपूर्वी माझ्या सासूने मला हेच ऐकवलं होतं. केळीच्या बागेत दिवसभर राबायचे मी! गळवाने पाय सुजून भोपळा झाला, पण शहाद्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी काही जुंपली नाही. तुपाची वाटी तेवढी पुढे आली. पायावरचा खड्डा अजून आहे.

म्हणून मीच नातसुनेला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, जंतू मारायला अंग स्वतःचं औषध सोडतं. पण काही जंतूंच्या जनुकांतच ते परतवायची सोय असते. धडधाकट माणसालाही ते सोडत नाहीत."

"जनुक म्हणजे काय गं?"

"जंतू आपल्या पिलावळीला देत जातो ती शिकवण."

घरी येऊन सुनेला झाडलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, हाई माले कोनी शिकाडं?"

मीच. तिच्या प्रत्येक तापाला मी हेच बोलायचे.

तुमच्या घरात हे कोण शिकवतं?