माझा बोहो जिना आणि बाबा

मागच्या महिन्यात दोन रविवार मी आमच्या जिन्याच्या हात धुऊन मागे लागले होते. आम्ही भोपाळला नेहरू नगरात राहतो. घर जुनं, आणि जिना म्हणजे करड्या दगडाच्या सतरा पायऱ्या... एखाद्या सरकारी ऑफिसातून उचलून आणल्यासारखा.

मला हवा होता बोहो लुक. म्हणजे सगळे रंग एकदम, कशाचा कशाशी मेळ नाही आणि तरी बघत राहावंसं वाटतं, तसा. भिंतीला गडद निळा दिला, कठड्याला जुन्या साड्यांचे गोंडे बांधले, चौक बाजारातून आणलेले मण्यांचे भोपाळी बटवे ओळीने टांगले. पायऱ्यांच्या उभ्या भागावर फुलं, मोर, मासे काढले... आणि मग हात थांबेचना, म्हणून पाय ठेवतो त्या आडव्या भागावरही तीच नक्षी उतरवली. वरपासून खालपर्यंत अखंड गालिचाच!

इथे फोटो टाकल्यावर तुम्ही सगळ्यांनी इतकं कौतुक केलंत की चार दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. शेजारच्या दुबे भाभी तर "हाय, क्या जीना बनाया है आपने!" म्हणत सहा सेल्फी काढून गेल्या.

फक्त आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, फारसं बोलले नाहीत. "छान झालंय" म्हणाले, तेवढंच. बाबा कारखान्यात आयुष्यभर मेंटेनन्स सांभाळून रिटायर झाले. आता गच्चीवरच्या खोलीत त्यांचं छोटंसं वर्कशॉप आहे. कॉलनीतले बिघडलेले मिक्सर, पंखे, इस्त्र्या तिथे येतात आणि दुसऱ्या दिवशी चालू होऊन घरी जातात.

पण जिना रंगवल्यापासून बाबा गच्चीवर जाईनात. दुबे भाभींचा मिक्सर आठ दिवस खालीच, चपलांच्या रॅकशेजारी पडून होता. त्या विचारायला आल्या, तर बाबा म्हणाले, "अभी थोड़ा टाइम लगेगा, भाभीजी." बाबांच्या तोंडी हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं...

मी आपला सोयीचा अर्थ लावला. रुसलेत! माझे रंग आवडले नाहीत, तोंडावर सांगवत नाही, म्हणून हा असहकार. मग मीही तोंड फुगवून बसले. चहाचा कप टेबलावर जरा आवाज करून ठेवायचा, विचारलं तेवढंच बोलायचं, वगैरे...

त्यानंतरच्या गुरुवारी मी शिकवते त्या शाळेला हाफ डे होता, म्हणून मी लवकर घरी आले. दार उघडलं आणि बघते तर बाबा जिन्याच्या मध्यावर बसलेले. मांडीवर दुबे भाभींचा मिक्सर, एक हात कठड्यावर, आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली सरकत होते. आधी पाय पुढे करून चाचपायचे, कड सापडली की मग सरकायचे.

मी धावले. "बाबा, पडलात का?"

"नाही गं. पडू नये म्हणून बसलोय."

मग हळूहळू सगळं कळलं. डाव्या डोळ्याने वर्षभरापासून कमी दिसतंय, पण घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. साध्या करड्या पायऱ्यांवर कडेची सावली तरी कळायची. माझ्या गालिच्यात मात्र सगळ्या पायऱ्या एकमेकींत मिसळून गेल्या... कुठली कुठे संपते तेच दिसेना. त्या दिवशी घरात कुणी नाही बघून वर जायचा प्रयत्न केला, आणि अर्ध्यावर धीर सुटला.

"मग बोलला का नाहीत?" मला रडूच फुटलं.

"इतक्या हौसेने केलंस तू. चार लोक बघायला येतायत. म्हटलं, आपण कशाला मोडता घालायचा..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ताच पॉलिश पेपर आणते आणि सगळं घासून काढते, म्हणून मी निघालेच. तेव्हा मात्र बाबा रागावले. "काही काढायचं नाही. चांगलं झालेलं काम कुणी मोडतं का? आमच्या कारखान्यात प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा असायचा. उजेड कमी असो, हातात सामान असो, पाय बरोबर पडायचा. तू सगळे रंग लावलेस, तेवढा एक राहिला बघ."

शनिवार-रविवार मी त्यांची हेल्पर. पहिल्या दिवशी त्यांनी एक सोडून एक पायरी घेतली, म्हणजे रंग वाळेपर्यंत घरातल्यांना मधल्या पायऱ्यांवरून जाता येतं. उरलेल्या दुसऱ्या दिवशी. मी दोन रविवार सगळ्यांना जिना बंद करून ठेवला होता आणि मला हे सुचलंसुद्धा नव्हतं!

डोळ्यांवर भरवसा नाही म्हणून टेप लावताना ते अंगठ्याने कड चाचपत जात होते. दोन बोटं रुंदीचा पट्टा, सतराच्या सतरा पायऱ्यांवर... एकही रेघ वाकडी नाही. मी नुसती बघत राहिले. आणि खरं सांगू? त्या पिवळ्यानेच माझी नक्षी उठून दिसायला लागली. आधी जिना सुंदर होता पण गोंधळ होता, आता एकेक पायरी वेगळी बघावीशी वाटते.

सोमवारी सकाळी बाबा मिक्सर घेऊन वर गेले. उभ्याने, न थांबता. मी कणकेचे हात तसेच घेऊन खाली उभी होते. वर पोचल्यावर त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, फक्त ओरडून चहा मागितला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू...

ते रुसले असं समजून मी आठ दिवस रुसले होते. आणि हा माणूस माझी हौस मोडू नये म्हणून आपलं काम सोडून गुपचूप खाली बसून होता.

बाबा, तुम्ही माझ्या सगळ्या पोस्ट लाइक न करता वाचता, हे मला माहीत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली आहे. मी सोबत येणार आहे... आणि तुम्ही नाही म्हणायचं नाही.