धोंडिबांची वही आणि मी दिलेले पेन

मित्रहो, रोज लिहायला सुरुवात करणाऱ्याने पेनाचा गुळगुळीतपणा नव्हे, शाईचा टिकाऊपणा पाहावा, हे मला आज सिद्ध करायचे आहे.

घशाच्या शस्त्रक्रियेत ताम्हिणीच्या माझ्या मित्राची, धोंडिबांची, वाचा गेली. तेव्हापासून जे बोलायचे असे, ते सगळे ते वहीत लिहीत. बोटे थकू नयेत म्हणून मी त्यांना उत्तम शाईपेन दिले. गेल्या महिन्यात ते वारले.

आज त्यांच्या पत्नीने, सखूबाईंनी, गळक्या पत्र्याखाली भिजलेली ती वही उघडून दाखवली. शाई पसरून पानामागून पान नुसते निळे झाले होते.

“साध्या बॉलपेनानं लिवलेली माझी किराण्याची यादी बी भिजली, पर हाय तशी हाय, भाऊ. ह्यांचं बोलनं तेवढं ग्येलं.”

मी धोंडिबांच्या बोटांचा विचार केला, ताम्हिणीच्या पावसाचा केला नाही. चूक माझीच.

— माधव